खाजगी नोकरीत गैरप्रकार सांगणाऱ्याला कायदा वाचवतो का?

चकली
एरवी मी पाककृतींच्या विभागाबाहेर फारशी फिरकत नाही, पण हा विषय सध्या घरात सारखा घोळतोय म्हणून इथे विचारते. कंपनीचं आणि गावाचं नाव लिहिणार नाही. कृपया कोणी अंदाजही बांधू नका.

नवरा एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात आहे. एमआयडीसीतला मध्यम आकाराचा कारखाना, गोळ्या बनवतात. एका औषधाच्या स्टेबिलिटीचा (ठेवलेलं औषध किती काळ टिकतं याची ठरावीक महिन्यांनी होणारी चाचणी) सहा महिन्यांचा पॉइंट राहून गेला, कारण तेव्हा नमुने ठेवायचा चेंबर बंद पडला होता. आता माल घेणाऱ्या कंपनीचं ऑडिट तोंडावर आलंय. वरून फर्मान असं की एचपीएलसीच्या (औषध तपासायच्या यंत्राच्या) कॉम्प्युटरचं घड्याळ मागे घे, नमुने आत्ता लाव आणि छापील कागदावर तेव्हाची तारीख येऊ दे. हा नाही म्हणाला. त्यावर "तू टीममध्ये बसत नाहीस" आणि "घराचे हप्ते चालू आहेत ना रे?" एवढं ऐकून घरी आला.

सरकारी लोकांसाठी जागल्यांचा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आहे असं ऐकून आहे. खाजगीतल्या माणसाचं काय? तक्रार करायचीच तर कुठे करायची? आणि उद्या काढून टाकलं तर दाद कुणाकडे मागायची?

आगाऊ_कार्टं
घड्याळ मागे नेता येत असेल तर मलाही न्या हो. २०१३ मध्ये जाऊन थोडे शेअर घ्यायचे राहिलेत.
बाकी प्रश्न गंभीर आहे. वाचतोय.

मुळशीकर
कटू वाटेल, पण लिहितो. गुपचूप दुसरी नोकरी बघायला सांगा आणि ती मिळेपर्यंत तोंड बंद.

सत्येंद्र दुबे आठवतात का कोणाला? आयआयटी कानपूरचा इंजिनियर, सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर होता. २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कामातली लबाडी कळवली आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयेत त्यांना गोळी घातली. दोन वर्षांनी लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचा मंजुनाथ षण्मुगम, भेसळवाल्या पंपावर कारवाई केली म्हणून मारला गेला. आयआयएम लखनौचा मुलगा, तिशीही गाठली नव्हती.

पंतप्रधान कार्यालयात जे गुपित राहिलं नाही ते एमआयडीसीतल्या एचआरमध्ये राहील?

टॅब्लेट_तात्या
मुळशीकर, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण या बाईंच्या नवऱ्याला कोणी गोळी घालणार नाही. उगाच घाबरवू नका. माझी उभी हयात फार्मात गेली. तिथे काय होतं ते सांगतो. आधी रेटिंग उतरतं. मग सलग रात्रपाळ्या लागतात. मग "डॉक्युमेंट रूममध्ये मदत हवी आहे" म्हणून इन्स्ट्रुमेंटपासून लांब बसवतात. शेवटी एके दिवशी केबिनमध्ये बोलावून राजीनाम्याचा मसुदा पुढे सरकवतात, "सही कर, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो". रक्ताचा थेंब न सांडता माणूस बाहेर.

चकलीताई, दोन गोष्टी विचारून सांगा.

एक, तो एफडीए (अन्न व औषध प्रशासन) अप्रूव्हड केमिस्ट आहे का, म्हणजे कारखान्याच्या परवान्यावर टेस्टिंगसाठी त्याचं नाव मंजूर आहे का? असेल तर नकार देण्यापेक्षा सही करणं जास्त धोक्याचं. उद्या प्रकरण उघडलं की "कागदावर सही कोणाची?" एवढंच विचारतात. तोंडी हुकूम देणारा साहेब कागदावर कुठेच नसतो.

दोन, सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची आपोआप होणारी नोंद) चालू आहे का? घड्याळ मागे घेतल्याची नोंद सिस्टीममध्ये उरते, आणि आजकाल ऑडिटर आल्या आल्या आधी तेच उघडतात. पंधरा वर्षांपूर्वी खपून जायचं. आता अमेरिकेच्या एफडीएचे लोक रिसायकल बिनसुद्धा तपासतात.

आणि मुख्य मुद्दा. स्टेबिलिटीचा पॉइंट चुकणं हा गुन्हाच नाही! चेंबर बंद पडतात. त्याला रीतसर डेव्हिएशन (ठरल्या पद्धतीपेक्षा वेगळं झालं अशी नोंद) टाकायचं, कारण लिहायचं, चाचणी उशिरा करून खरी तारीख घालायची आणि अहवालात उशीर झाला म्हणून सांगायचं. ऑडिटर एखादं निरीक्षण लिहील, बास. खोटी तारीख सापडली तर मात्र पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास उडतो. साहेब लोक ओरड्याला भिऊन फास ओढून घेतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

अबोली
तात्या +१. "सही कर, रिलीव्हिंग चांगलं देतो" वाचून अंगावर काटा आला. हुबेहूब.

काळाकोट
कायद्याचं बोलतो. हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा, सल्ला हवा तर कागद घेऊन वकिलाकडे जा.

ज्याला सगळे जागल्यांचा कायदा म्हणतात तो व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन अॅक्ट, २०१४. विधी आयोगाने २००१ मध्येच १७९ व्या अहवालात त्याचा मसुदा दिला होता. विधेयक २०१० मध्ये आलं, लोकसभेत २०११ ला आणि राज्यसभेत फेब्रुवारी २०१४ ला मंजूर झालं, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. पण कलम १ म्हणतं की केंद्र सरकार अधिसूचना काढेल त्या दिवसापासून हा लागू. ती अधिसूचना निघालेलीच नाही. पत्रिका छापून वाटल्या, मुहूर्त काढायचा राहिला. २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक आणून दहा प्रकारची माहिती त्यातून वगळायचा घाट घातला, ते लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला लोकसभेबरोबर बाद झालं.

बरं, लागू झाला असता तरी चकलीताईंच्या उपयोगाचा नव्हता. तो सरकारी सेवकांच्या भ्रष्टाचाराविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. त्यातलं एक कलम मात्र चांगलं आहे: तक्रारदाराला त्रास दिला असा आरोप झाला तर "हा त्रास सूडातून दिलेला नाही" हे सिद्ध करायची जबाबदारी खात्यावर. निनावी तक्रार मात्र त्यात चालत नाही, आणि जाणूनबुजून खोटी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद.

खाजगी कंपनीतल्या कर्मचाऱ्यासाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे काहीच नाही असं नव्हे. तुकडे आहेत. संध्याकाळी लिहितो, आत्ता कोर्टात पुकारा होतोय.

आगाऊ_कार्टं
वकिलांनी "संध्याकाळी" म्हटलंय. कोणती तारीख पडते बघू.

निवृत्त_नाना
दुबेंचा विषय निघालाय तर पुढचंही लिहितो, कारण बहुतेकांना तेवढंच माहीत असतं. त्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारलं की कायदा होईपर्यंत तुम्ही काय करणार, आणि त्यातून एप्रिल २००४ चा ठराव निघाला. त्याला पिडपी (पीआयडीपीआय, म्हणजे पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स) म्हणतात. केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार जाते आणि तक्रारदाराचं नाव आयोग फोडत नाही. कायदा बासनात असताना आजही काम चालतं ते या ठरावावर. पण तो केंद्र सरकार, त्याचे उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका एवढ्यांसाठी. राज्य सरकारचा माणूस त्यात नाही.

दुबेंच्या खुनाबद्दल सीबीआयने लुटीचा प्रकार असं म्हटलं, २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. त्यामागे आणखी कोणी होतं का, यावर दुबेंच्या घरच्यांचं समाधान झालं नाही.

आता राज्याचं. मी ज्या खात्यातून निवृत्त झालो त्याचं नाव घेत नाही. तिथे बिलावर शेरा मारणाऱ्याला शिक्षा एकच, बदली. आणि बदलीचं गाव आधीच ठरलेलं, नकाशाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. मुलं दहावी-बारावीला असताना हमखास. पण तरुण मंडळींनो, महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. साधारण तीन वर्षांच्या आत बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. कारण पोकळ असेल तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) बदली रद्द होते. माझ्या एका सहकाऱ्याची झाली. साहेब पुढे वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत, पण खुर्ची हलली नाही.

मुळशीकर
नाना, खुर्ची हलली नाही, पण त्या खुर्चीवर काम आलं का? फायली दुसऱ्या टेबलाकडे वळवल्या असतील.

निवृत्त_नाना
वळवल्या. त्याने तेवढ्यात एलएलबी केलं. :)

गडभटक्या
सिंचन घोटाळ्याच्या वेळी विजय पांढरेंनी पत्रं लिहिली ती याच राज्यात ना? २०१२. मुख्य अभियंता पदावर बसून मुख्यमंत्री आणि राज्यपालांना लिहिलं. त्याच सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. म्हणजे सांगणारे असतात आपल्याकडे.

मुळशीकर
असतात. राजीनामा दिलेले उपमुख्यमंत्री डिसेंबरात परतही आले होते. राजकारण नको, अॅडमिन धागा बंद करतील.

अॅडमिन
बरोबर. मूळ विषयावर या.

हिशेबनीस
काळाकोट येईपर्यंत कंपनी कायद्याचा तुकडा मी देतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १७७ (९) आणि (१०) आहेत. त्यानुसार काही कंपन्यांनी 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे गैरप्रकार कळवायची व्यवस्था ठेवलीच पाहिजे, आणि ती वापरणाऱ्याला त्रास होऊ नये याची तजवीज त्यात असली पाहिजे. कोणत्या कंपन्या? शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्या. शिवाय ज्यांनी लोकांकडून ठेवी घेतल्यात त्या. आणि हे फार जणांना माहीत नसतं, बँका व सरकारी वित्तसंस्थांकडून ज्यांचं कर्ज ५० कोटींच्या वर आहे त्याही. मग ती प्रायव्हेट लिमिटेड का असेना.

तेव्हा चकलीताई, कंपनी लिस्टेड नसली तरी लगेच निराश होऊ नका. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून तिच्यावरचे बोजे बघता येतात. कारखाना, यंत्रं, माल बँकेकडे किती रकमेला गहाण आहे याचा अंदाज तिथून येतो.

तोटा काय ते पण सांगतो. "त्रास होऊ नये" असं लिहिलंय, पण त्रास झालाच तर तुम्ही कुठे जायचं, परत कामावर कोण घेणार, भरपाई किती, यावर ते कलम गप्प आहे. ऑडिट करताना पॉलिसीची पीडीएफ दिसते. सुंदर असते. वर्षाला आलेल्या तक्रारी बहुतेक ठिकाणी शून्य.

माड_आणि_मासे
आमच्या गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत पण हीच गत रे. तक्रारपेटी असते, चावी एचआरकडे, आणि पेटीवर कॅमेरा.

आगाऊ_कार्टं
कॅमेरा पेटीच्या सुरक्षेसाठी असेल.

टेम्सकाठी
लंडनहून. इथे १९९८ पासून कायदा आहे आणि तो खाजगी-सरकारी दोघांनाही. कशातून आला ते महत्त्वाचं वाटतं. १९८७ मध्ये झीब्रुगा बंदरातून निघालेली फेरी पुढचे दरवाजे उघडे राहिल्यामुळे उलटली, १९३ माणसं गेली. चौकशीत बाहेर आलं की दरवाजा बंद झालाय की नाही हे कळायला कप्तानासमोर दिवा लावा असं कंपनीच्याच लोकांनी आधी सुचवलं होतं, कोणी मनावर घेतलं नव्हतं. अशा दोन-चार चौकशांत तेच ते निघाल्यावर कायदा झाला.

इथे गैरप्रकार सांगितला म्हणून काढलं तर ती बडतर्फी आपोआप बेकायदा, नोकरीला किती दिवस झाले ते बघत नाहीत, आणि भरपाईला कमाल मर्यादा नाही. पण गंमत ऐका. खटला चालू असताना पगार चालू ठेवा असा अंतरिम आदेश मागायचा असेल तर काढल्यापासून सात दिवसांत अर्ज लागतो. नोकरी गेलेला माणूस पहिले सात दिवस झोपेच्या गोळ्या शोधत असतो, अर्ज कुठला करतोय! आमच्या हॉस्पिटलमधल्या एका मराठी डॉक्टर मैत्रिणीचे ते सात दिवस असेच गेले. नाव-गाव नको.

स्टुटगार्टची_सून
जर्मनीत २ जुलै २०२३ पासून. खरं तर युरोपचा २०१९ चा निर्देश होता, डिसेंबर २०२१ पर्यंत करायला हवं होतं, वेळेच्या बाबतीत जगाला शिकवणाऱ्या या लोकांनी उशीर केला. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीला आतली तक्रारखिडकी सक्तीची. सात दिवसांत पोच, तीन महिन्यांत काय केलं ते सांगायचं. आणि काळाकोट म्हणाले तसं ओझं उलटं: तक्रारीनंतर बढती अडली तर ती तक्रारीमुळे अडली नाही हे मालकाने दाखवायचं. हे एवढं एक कलम भारतात खाजगीला आणलं तरी खूप झालं. माणसाकडे साहेबाच्या मनातला हेतू सिद्ध करायचा कागद कधीच नसतो.

मुळशीकर
आणि तिकडे बक्षीस पण मिळतं ना? दिनेश ठाकूरांना ४ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले होते. रॅनबॅक्सी कंपनी. औषधांचीच केस होती.

टॅब्लेट_तात्या
ते अमेरिकेत, युरोपात नाही. आणि ती केस आम्हा लोकांना पाठ आहे. ठाकूरांना वरिष्ठानेच सांगितलं होतं की वेगवेगळ्या देशांत दिलेली चाचण्यांची माहिती खरी आहे का तपास. तपासली, घबाड निघालं, संचालकांपर्यंत गेलं, काही झालं नाही. २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अमेरिकी एफडीएला लिहिलं. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, ५० कोटी डॉलर भरले. मध्ये आठ वर्षं गेली. बक्षिसाचा आकडा सगळ्यांना माहीत असतो, ती आठ वर्षं कोणी मोजत नाही. ठाकूरांना दिलेला पैसा तिथल्या यादवी युद्धाच्या काळातल्या, १८६३ च्या कायद्याखाली दिला गेला. सरकारला फसवून उकळलेला पैसा वसूल झाला की सांगणाऱ्याला १५ ते ३० टक्के.

हिशेबनीस
आपल्याकडे सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) २०१९ मध्ये इनसायडर ट्रेडिंगची (कंपनीच्या आतल्या बातमीवर केलेल्या शेअर खरेदी-विक्रीची) खबर देणाऱ्याला १ कोटीपर्यंत बक्षीस ठेवलं, पुढे ते १० कोटी केलं. बनावट औषधांची खबर देणाऱ्यालाही केंद्राची योजना होती, जप्त मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल २५ लाख. पण ती बनावट मालाला. तारखेच्या फेरफाराला नाही.

आगाऊ_कार्टं
चकलीताई, नवऱ्याला विचारा, बनावट काही सापडतंय का शेजारच्या प्लांटमध्ये. हप्ते एकदम फिटतील.

अबोली
बक्षीस नको, निदान शिक्षा तरी नको, एवढ्यावर आपली गाडी अडलीये.

माझा अनुभव थोडा वेगळ्या कायद्याचा, पण लिहिते. ऑफिसातल्या एका मुलीने २०१३ च्या पॉश कायद्याखाली (कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) तक्रार केली, मी साक्षीदार. समितीने काम नीट केलं हे आधीच सांगते. बाहेरच्या सदस्य बाई खमक्या होत्या. त्या मुलीला चौकशी चालू असेपर्यंत दुसऱ्या साहेबाखाली दिलं, तशी तरतूद कायद्यात आहे. निकाल तिच्या बाजूने लागला. त्रास कोणाला झाला? मला. माझ्यावर कोणाचं लक्षच नव्हतं. त्या वर्षी रेटिंग घसरलं, कारण "संवादकौशल्य". वाक्यं एवढी गुळगुळीत लिहिलेली की भांडायला कुठे पकड मिळेना. साक्षीदाराबद्दल कोणी विचार केलेला नाही. चकलीताई, नवऱ्यासोबत लॅबमध्ये जे दुसरे आहेत त्यांना गृहीत धरू नका. ते उद्या "आम्हाला काही माहीत नाही" म्हणाले तर रागावू नका.

काळाकोट
आलो. (कार्टं, तारीखच पडली, पण ती अशिलाची.)

उरलेले तुकडे. पहिला, कामगार कायदा. क्यूसीतला केमिस्ट 'कामगार' होतो का? हुद्द्याच्या नावाने ठरत नाही. एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर काहीही लिहिलेलं असो, प्रत्यक्षात तो स्वतः चाचण्या करत असेल आणि हाताखाली माणसं, रजा मंजुरी असलं काही नसेल, तर तांत्रिक काम करणारा म्हणून तो व्याख्येत बसू शकतो. बसला तर सूडाने काढणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते आणि कोर्ट परत कामावर घ्यायला सांगू शकतं. नाही बसला तर नियुक्तिपत्रातली नोटीस, तेवढा पगार आणि रामराम. म्हणून कोणी "अरे तुला मॅनेजर करतो" म्हणालं की अशा वेळी जरा थांबून विचार करावा.

दुसरा, कागद. इथे लोक हमखास गोत्यात येतात. कंपनीचे रिपोर्ट, क्रोमॅटोग्राम (यंत्रातून निघालेले चाचणीचे आलेख) स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घेऊ नका. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, कंपनी तुमच्यावरच चोरीची तक्रार ठोकते आणि मूळ मुद्दा बाजूला. त्याऐवजी कोण, कधी, कुठे, काय बोललं ते रोज स्वतःच्या वहीत तारखेसह लिहा. तोंडी हुकूम आला की कंपनीच्याच ईमेलवर साधं उत्तर टाका: "आज आपण अमुक करायला सांगितलंत, ते कार्यपद्धतीत बसत नसल्याने मी केलेलं नाही, पुढे काय करायचं ते लेखी कळवावं." आरोप नको, विशेषणं नकोत. पुढे काढलं, तर त्या ईमेलची तारीख आणि काढल्याची तारीख शेजारी ठेवता येतात.

तिसरा, राजीनामा. कामगार असा की नसा, दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. बडतर्फीशी भांडता येतं. स्वतःच्या सहीच्या राजीनाम्याशी भांडणं महाकठीण.

गडभटक्या
निनावी पाठवलं तर? नाव नाही तर सूडही नाही.

हिशेबनीस
निनावी पत्राने मोठी कामं झालीत, नाकारत नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) को-लोकेशनबद्दल, म्हणजे दलालांचे कॉम्प्युटर बाजाराच्याच आवारात ठेवायच्या सोयीबद्दल, निनावी पत्र सेबीला आणि मनीलाइफ या नियतकालिकाला गेलं. मनीलाइफने छापलं तर एनएसईने १०० कोटींचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने एनएसईची मनाईची मागणी फेटाळून वर ५० लाखांचा भुर्दंड बसवला. पण लक्षात घ्या, तिथे लिहिणारा बारीकसारीक तांत्रिक तपशील देऊ शकला आणि छापणारे ठाम राहिले. पाच माणसांच्या लॅबमधून गेलेलं निनावी पत्र कितपत निनावी राहतं? मजकूर वाचूनच साहेब नाव सांगतो.

टॅब्लेट_तात्या
अगदी. शुद्धलेखनावरून पकडलेला माणूस मला माहीत आहे.

स्टुटगार्टची_सून
म्हणजे अशुद्ध लिहिणाऱ्यांना कायद्याचं संरक्षण आपोआप आहे. माझे अर्धे नातेवाईक सुरक्षित.

मुळशीकर
बँकेचं कोणी बोललं नाही. पीएमसीचं (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक) काय झालं? २०१९ मध्ये एका बांधकाम समूहाला साडेसहा हजार कोटींच्या आसपास कर्ज आणि ते लपवायला एकवीस हजारांवर खोटी खाती. बँकेतल्याच कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला सांगितलं असं तेव्हा बातम्यांत होतं. सांगणाऱ्यांनी सांगितलं, आणि खातेदारांना पहिल्या दिवशी काढायला मिळाले हजार रुपये. आमच्या आत्याचे पैसे होते त्यात. म्हणून मी असा कडू बोलतो.

हिशेबनीस
मुळशीकर, आत्याबद्दल वाईट वाटलं. पण ते दोन वर्षं आधी कोणी सांगितलं असतं, सांगायची हिंमत होईल अशी जागा असती, तर खड्डा लहान असता. रिझर्व्ह बँकेची २००७ ची तक्रारदार संरक्षण योजना आहे, तिच्या नावातच 'खाजगी आणि परदेशी बँकांसाठी' असं आहे. सहकारी बँकेतल्या कारकुनाने कोणत्या खिडकीत जायचं? चेअरमन गावचे, संचालक सोयरे.

मुळशीकर
हे पटलं. तरी चकलीताईंना मी दिलेला सल्ला तोच राहील.

चकली
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तात्यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला.

विचारलेल्या गोष्टींची उत्तरं: परवान्यावर त्याचं नाव नाही, अप्रूव्हल साहेबांचं आहे. काम स्वतः करतो, हाताखाली एक ट्रेनी, पण त्याची रजा साहेबच मंजूर करतात. पोर्टलवर बघितलं, बोजा ५० कोटींच्या बराच वर दिसतोय. मग इंट्रानेटवर शोधाशोध केल्यावर ती पॉलिसी सापडली. हिशेबनीस म्हणाले तशी पीडीएफ सुंदर आहे. तक्रार कोणाकडे द्यायची? ज्या साहेबांनी घड्याळ मागे घ्यायला सांगितलं त्यांच्या साहेबांकडे. पुढे काय?

हिशेबनीस
पॉलिसी खाली वाचत जा. अपवादात्मक प्रकरणात ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे थेट जाता येईल अशी सोय कायद्यानेच सांगितलीय. ऑडिट कमिटी नसलेल्या कंपनीत संचालक मंडळाने त्या कामासाठी एक संचालक नेमलेला असायला हवा. त्याचं नाव पीडीएफमध्ये नसेल तर कंपनी सेक्रेटरीला दोन ओळींची विचारणा.

टॅब्लेट_तात्या
आणि त्याच्याही आधी डेव्हिएशन टाकायला सांगा. ते तक्रार नसतं, त्याचं रोजचं काम असतं. सिस्टीमला नंबर पडला की तो कोणाला खोडता येत नाही. एकदा "पॉइंट चुकला" असं रेकॉर्डवर आलं की मागच्या तारखेचा निकाल घालायला जागाच राहत नाही, साहेबालाही. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

नाहीच मिटलं तर आणखी एक दार आहे, लोक विसरतात. माल घेणारी कंपनी मोठी असेल तर तिची एथिक्स हेल्पलाइन बहुधा पुरवठादारांच्या माणसांनाही खुली असते. शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. एकदा तिथे गेलात की कंत्राट जाऊ शकतं, आणि त्याबरोबर तीन-चारशे लोकांचा रोजगार. हा हिशोब ज्याचा त्यानेच करायचा.

अबोली
तात्या, त्या तीन-चारशे लोकांचं ओझं नकार देणाऱ्याच्या डोक्यावर का? घड्याळ मागे घ्या म्हणणाऱ्याच्या का नाही?

टॅब्लेट_तात्या
त्याच्याच. पण त्याला झोप छान लागते, आणि ह्याला लागत नाहीये. म्हणून ह्याच्याशी बोलतोय.

चकली
डेव्हिएशन काल टाकलं. नंबर पडला. साहेबांना काळाकोट यांनी लिहिलं तसा ईमेलही गेला, विशेषणं मी काढून टाकली, त्याने बरीच घातली होती. ईमेलला उत्तर नाही. आज जेवणाच्या सुट्टीत साहेब याच्या टेबलावर बसले नाहीत आणि ट्रेनीने दुसरीकडे डबा उघडला. ऑडिट पुढच्या आठवड्यात आहे. दरम्यान बायोडेटा पण नीट करायला घेतलाय, मुळशीकरांचाही मान राखला.

मुळशीकर
:) पुणे भागात असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एक-दोन ठिकाणी ओळख आहे.

गडभटक्या
नाना, तुम्हाला एक विचारायचं होतं. भाऊ केंद्राच्या एका उपक्रमात आहे. त्याला पिडपीखाली लिहायचंय. टपाल कार्यालयात पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहाच म्हणतात. नाव लिहिलं तर गुप्त काय राहिलं?

निवृत्त_नाना
लिहायचं नाही. पिडपीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता मागू नका अशी टपाल खात्याची सूचना आहे, काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसेल तर पोस्टमास्तरांना भेटावं. पाकीट बंद हवं, वर 'पीआयडीपीआय' किंवा 'कम्प्लेंट अंडर द पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर' लिहायचं, आणि आयोगाच्या सचिवांच्या नावे दिल्लीला सतर्कता भवनात पाठवायचं. स्वतःचं नाव-पत्ता आत द्यावाच लागतो, निनावी चालत नाही, पण तो पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या कागदावर. मधल्या मजकुरात "मी अमुक शाखेत असताना" असलं काही येऊ देऊ नको म्हणावं, कारण तेवढा भाग पुढे चौकशीला जातो. ईमेलने करायचं नाही. आणि आयोग पोच देत नाही, नाव फुटू नये म्हणूनच. तेव्हा पंधरा दिवसांनी स्मरणपत्र धाडायचा उत्साह दाखवू नको असं त्याला आधीच बजाव.